बोट कुणाकडे दाखवायचं?

दुपारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी सात-आठ बायकांना इंग्रजी शिकवते. 'धिस' म्हणताना जवळच्या वस्तूकडे, 'दॅट' म्हणताना लांबच्या वस्तूकडे बोट दाखवायचं, ही सवय मीच त्यांना लावली. पंखा, कपाट, खिडकीतला नारळ, सगळं दाखवून झालं.

परवा फळ्यावर नवा नमुना लिहिला: 'दॅट इज द लेडी हू मे कम टुमॉरो.' ती बाई, जी उद्या कदाचित येईल. वाचता वाचता सगळ्यांची बोटं उठली आणि हवेतच अडली. दाखवायचं कुणाला? जी अजून आलेली नाही, येईल की नाही तेही ठाऊक नाही, तिच्याकडे वाक्य मात्र खुशाल बोट दाखवून मोकळं होतं. आपण भलतंच काही शिकवतोय, असं मला पहिल्यांदाच वाटलं. कुणीतरी दाराकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

"आता आपापलं वाक्य करा," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं.

सत्तरीच्या मालतीकाकू उठल्या. "दॅट इज द लेडी हू मे नॉट कम टुमॉरो." ती बाई, जी उद्या कदाचित येणार नाही. सवयीनं त्यांचं बोट उठलं आणि जागा शोधत एकेका चेहऱ्यावरून सरकायला लागलं. बायका माना खाली घालत गेल्या. शेवटी ते माझ्यापाशी येऊन थांबलं.

"बरोबर आहे ना हो, बाई?"

मी वाक्य मनातल्या मनात दोनदा तपासलं. चूक कुठेच नव्हती.