वाडी कुठची?

खोली पसंत पडली होती. डिपॉझिट ठरलं होतं, चहासुद्धा आला होता. तेवढ्यात घरमालकीणबाईंनी विचारलं, "जाधव ना तू? गाव कुठचं गो?"

"लांज्याच्या आत, काकू," सुजाता म्हणाली.

"आणि वाडी कुठची?"

मी कपात बघत राहिलो. रत्नागिरीत भाड्याच्या खोल्या दाखवणारा एजंट मी, हा प्रश्न चांगला ओळखतो. आमच्याकडे जाधव, कदम, पवार सगळ्यांत असतात. आडनावावरून जात कळत नाही, वाडीवरून कळते. सरकारने वाड्यांची जातीवरची नावं फलकांवरून काढली, पण विचारणारे तेच राहिले.

"बौद्धवाडी," सुजाताने सरळ सांगितलं.

"अगोबाई! भाऊ, गणपतीला आमचे मुंबईवाले येतात, लक्षातच नव्हतं बघा. खोली आम्हालाच लागेल."

आमच्या धंद्यात याला 'खोली गेली' म्हणतात. खोली असते तिथेच. पार्टीला, म्हणजे भाडेकरूला, तेवढं उठावं लागतं. त्या आठवड्यात आमच्या आणखी दोन खोल्या अशाच गेल्या होत्या.

सुजाता घरातली बारावीपुढे शिकणारी पहिलीच. नर्सिंगला नंबर लागलेला, होस्टेल भरलेलं. गावाहून पहिली एसटी धरली तरी कॉलेज चुकायचं. आईने बजावलं होतं, सोमवारपर्यंत खोली मिळाली नाही तर गप घरी यायचं.

रस्त्यावर मी तिच्यावरच डाफरलो. "नुसतं गाव सांगून गप्प बसायचंस ना!"

"आणि आई भेटायला आली की? तिलापण खोटं बोलायला शिकवू, काका?"

माझा राग तिच्यावर नव्हताच.

शेवटी मिरकरवाड्याच्या रस्त्याला एक ब्लॉक मिळाला. मालक मुंबईत. फोनवर म्हणाला, "घरात वावर राहू दे, बंद घराला वाळवी लागते." बाकी चौकशी शून्य. बिल्डिंगच सगळी मुंबईवाल्यांची. गणपती आणि मे महिना सोडला तर सगळ्या दारांना कुलपं.

थोड्या दिवसांनी तिचा फोन. "काका, नळाला पाणी नाही." गेलो, तर नळ धो धो वाहतोय आणि दोन कप चहा गाळून ठेवलेला.

"आत्ताच आलं," म्हणाली.

मग ट्यूबलाइट. मग दाराची कडी. मी टेस्टर आणि पाना घेऊन जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. एकदा बोललीच, "इथे दिवसभर माझाच आवाज मला ऐकू येतो हो." बायको गेल्यापासून माझ्याही घरी तेच.

सुजाता नर्स झाली, नोकरीला मुंबईला गेली. धंद्यात मी एवढंच शिकलो, खोली मिळवून देता येते, शेजार नाही.

त्या ब्लॉकला नवी पार्टी दिली. परवा त्यांचा नळ खरोखरच बिघडला. त्यांनी प्लंबरला बोलावलं.