स्वतःच ‘हो’ म्हणणारा प्रोग्राम

आता कोण्या तोंडानं सांगू? जिंदगीत मी एकच ‘सुरक्षित’ प्रोग्राम लिहिला, अन् त्यानं एका भल्या बाईच्या पोटावर पाय दिलाच होता!

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट असन. वर्ध्याच्या आमच्या हापिसात कॉम्प्युटर एकच. त्याच्यावर कुसुमताई देवळी तालुक्यातल्या कापूसवाल्यांची यादी टाइप करून राह्यल्या होत्या. चार महिने! बिचाऱ्या रोजंदारीवर. दसरा झाला की यादी सायबाले द्यायची, मंग त्या पर्मनंट.

खंडेनवमीले मशीनची पूजा होणार होती. मी म्हटलं, आतूनबी झाडझूड करू. मशीनमधल्या ‘जुना’ नावाच्या कप्प्यात जाय अन् तिथलं सारं पुसून टाक, असा प्रोग्राम दोन-तीन दिवस आधीपासूनच लिहाले घेतला. पुसायच्या आधी मशीन विचारे, ‘नक्की?’ आता दरखेपी बोट कोण दाबन? म्हणून ‘हो’बी प्रोग्रामलेच म्हणायले लावलं. काय हुशारी!

पण तो जुना कप्पा मी आदल्या दिवशीच हातानं काढून टाकलता, अन् साफ विसरलो. पूजेच्या सकाळी प्रोग्राम चालवला, त त्याले कप्पा सापडला नाई. तर थांबावं ना बावा? नाई! उभा होता तिथलंच पुसत सुटला. अन् उभा होता तो कुसुमताईच्या यादीच्या कप्प्यात.

मी पांढराफटक पडलो. तेवढ्यात आमचा शिपाई महादेव हार घेऊन आला.

“बंद करा मशीन. मुहूर्त चालला.”

“महादेव, पाचच मिनिटं दे रे!”

“पूजेतल्या हत्याराले कोणी हात लावते का? आता दसऱ्यानंतरच.”

झालं! नारळ फुटला, अन् प्रसाद हाती पडला. चार महिन्यांची मेहनत होती हो त्या बाईची.

दसऱ्याले सोनं घेऊन सिंदी मेघेले ताईच्या घरी गेलो. आपट्याची पानं हाती देल्ली अन् रडूच फुटलं.

“ताई, तुमची यादी माह्या हातानं गेली. सायबाले मीच सांगतो. नोकरी जाईन त माही जाऊ द्या.”

ताई आत गेल्या अन् देवघरातून हळदकुंकू लागलेल्या पाच फ्लॉप्या घेऊन आल्या.

“सारी यादी याच्यात हाये. परवाच उतरवून आणली.”

जिवात जीव आला माह्या! “ताई, तुमाले सुचलं कसं?”

“सुचलं कायचं भाऊ? तुमी सफाईचा प्रोग्राम लिहून राह्यले, हे हापिसात कळलं. सायब म्हणे, ‘आपापलं सांभाळजा.’ महादेवानं त हजेरीचं रजिस्टरबी घरी नेलं!”