स्वयंपाकघरातलं अंगण

कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांना मुदतीच्या तापानं धरलं. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. पेज असो, मऊ भात असो, ताट पुढं आलं की मामंजी तोंड फिरवत. त्यांची मनगटं माझ्याहून बारीक झाली होती. हा माणूस आता उठत नाही, अशी मला मनातून भीती बसली होती. आणि एका सकाळी ते आपणहून म्हणाले, आळणी पाहिजे.

आळणी म्हणजे तिखट-मसाला पडायच्या आधीचं, आलं-लसूण-हळद घालून शिजवलेलं मटणाचं गरम पाणी. आमच्याकडे पावसात त्याहून सुखाचं काही नाही. पण सासूबाईंच्या गळ्यात माळ, त्यामुळं मटण उंबऱ्याच्या आत येत नसे. मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर मामंजीच शिजवत आणि तिथंच एकटे बसून जेवत. आता शिजवणारा अंथरुणात आणि चुलीवरून पाणी वाहतंय. शिवाय आखाड संपत आलेला. श्रावण लागला की महिनाभर नावच घ्यायचं नाही. मी एका हातात छत्री धरून जाळ करायला गेले. लाकडं नुसती धुमसली.

सासूबाई दारातून बघत होत्या. मग त्यांनी देव उचलले, हंडा उचलला, सगळं माजघरात नेऊन मांडलं आणि सांगितलं, स्वयंपाकघर आजपासून अंगण.

मी आ वासून उभी. तशा त्या म्हणाल्या, "अख्खं संस्थान एका दिवसात मुंबईत गेलं. सैपाकघर अंगणात जायला काय हुतंय? जाळ कर."

एकदा ठरलं म्हणजे ठरलं. अंगणात अनवाणी कोण फिरतं? म्हणून मला चपला घालून चुलीपुढं बसवलं. मामंजी घोंगडं पांघरून येऊन बसले आणि अंगण जर आत आलंय तर म्हशीनं काय पाप केलंय, ती का भिजतीया, असं विचारू लागले. म्हैस आत आली आणि तिनं पहिल्यांदा तांदळाच्या सुपात तोंड घातलं. शेजारीण विरजण मागायला आली होती, ती म्हशीकडं बघून विरजण न घेताच परत गेली. माजघरातून सासूबाई नुसत्या वासावर आलं कमी पडल्याचं सांगत होत्या.

वाटी भरून पुढं ठेवली. मामंजींनी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"एकट्याला जात न्हाय गं," ते माजघराकडं बघून म्हणाले. इतकी वर्षं ते एकटेच तर जेवत आले होते.

सासूबाई उठल्या. चपला घातल्या, छत्री उघडली, कारण अंगणात पाऊस होता, आणि येऊन त्यांच्या शेजारी पाटावर बसल्या. "माळ हाय म्हणून मला अंगणात बसायची बंदी हाय व्हय?"

मामंजींनी वाटी संपवली आणि आणखी मागितली. मला रडूच आलं. धुरानं आलं असं मी सांगितलं.

सकाळी लख्ख ऊन पडलं. मी शेण कालवून जमीन सारवायला आणि देव परत न्यायला निघाले. सासूबाईंनी माझ्या हातातली बादली काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "श्रावण लागंपतोर अंगणच असू दे."