पाण्याखालच्या घरातलं जेवण

ज्या उन्हाळ्यात माजलगाव धरणाचं पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलं, त्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही घरचे सगळे धरणात जेवायला गेलो. धरणावर नव्हे — धरणात. त्याच आठवड्यात माझ्या वडिलांचा फोटो वर्तमानपत्रात आला. पुढे एका कार्यक्रमात मी त्यांच्याबद्दल दोन वाक्यं बोललो. ती खोटी होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतो आहे. क्रमाने सांगतो; मला तेवढंच येतं.

आमचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा मी शाळेत होतो. नवं गाव माळावर बसलं — सरळ रस्ते, नंबर टाकलेले प्लॉट. पाणी फारच आटलं की जुनं गाव उघडं पडतं. मग बुडालेल्या गावांतली माणसं नारळ घेऊन आपापल्या घराचा उंबरा शोधायला जातात. भिंती विरघळून गेलेल्या असतात. जोत्याचे दगड राहतात. त्यांवरून घर ओळखायचं.

त्या रविवारी आबांनी — वडिलांना आम्ही आबा म्हणतो — आमचं घर कुणाला न विचारता शोधून काढलं. सुकलेला गाळ पायाने सारला, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. बाहेर म्हणजे काय? दगडांच्या रेषेच्या पलीकडे. मग त्यांनी आम्हाला घरात बसवलं. माझी बहीण सुमन चुलीच्या जागी. मी ओसरीवर. माझी मुलगी मनू, तेव्हा बालवाडीत होती, ती पाळणा टांगायचा तिथे. माझी बायको रेखा पाण्याचा कॅन घेऊन गाडीकडून सरळ आली, तसे आबा ओरडले, "अगं सूनबाई, भिंतीतून कावून येतीस? दार तिकडं हाय!"

रेखा मागे फिरली, वळसा घालून, डोक्यावर पदर घेऊन दारातून आत आली. सुमन म्हणाली, "बघा वैनी, घर बुडालं पण सासुरवास काय बुडाला न्हाई." आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

धपाटे होते, दही होतं, शेंगदाण्याची चटणी होती. परतताना आबा गाडीत पुढे बसले होते. मागे वळून मला म्हणाले, "आपल्या घरात समदे मिळून जेवलो. लई झ्याक दिस गेला रं बाळू. तू आणलंस म्हणून."

मी आणलं, हे खरं. कशासाठी आणलं?

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. डेस्कवरून निरोप आला होता: भेगाळलेली जमीन रोज येते, माणूस असलेला फोटो पाठव. बुडालेलं गाव आणि त्यात म्हातारा माणूस — हे माझ्या डोक्यात आधी आलं. सहल नंतर.

जेवणं झाल्यावर मी आबांना उंबऱ्यावर बसवलं आणि डोक्याला हात लावा म्हटलं. आमच्या कामात हे सगळेच करत. आबा म्हणाले, "कावून? माजं डोकं काय दुखत न्हाई." फोटो चांगला येतो, मी सांगितलं. त्यांनी हात लावला, पण हसू आवरेना. मनूही समोर तसाच हात लावून बसली होती. मी थांबलो. माणूस हसून दमेपर्यंत थांबावं लागतं. ऊन डोक्यावर होतं. त्यांचे डोळे बारीक झाले, तोंड मिटलं — तेवढ्यात मी बटण दाबलं. फोटोखालची ओळ माझीच: 'धरणात गेलेल्या घराच्या उंबऱ्यावर बसून भविष्याच्या चिंतेत बुडालेला वृद्ध शेतकरी.'

हे चुकलं का? चुकलं. पण ज्यासाठी लिहायला बसलो, ते हे नाही. इथवरचं मी एखाद्या वेळी कुणाला सांगूही शकलो असतो — हसत.

फोटो गाजला. काही दिवसांनी एका सहकारी दूध संघाने आमच्या गावच्या, दुष्काळातल्या गुरांच्या छावणीत चारावाटप ठेवलं. आमचे दोन बैल आणि गाय त्याच छावणीत होती. मांडव घातला होता. व्यासपीठावर संघाचे चेअरमन, त्यांच्या शेजारी आमच्या दैनिकाचे जिल्हा प्रतिनिधी. फोटोतले बाबा म्हणून आबांना वर बोलावलं, उसाच्या वाढ्यांची पहिली पेंढी त्यांच्या हातात दिली आणि दोन शब्द बोला म्हणून माइक पुढे धरला.

आबा म्हणाले, "मी काय रडत नव्हतो. त्या दिशी आमी घरी जेवाया गेलतो. धपाटे होते. लई हसलो आमी."

"घरी? कोणत्या घरी, आबा?" खालून कुणीतरी विचारलं.

"धरणातल्या."

मांडव हसला. आबांना वाटलं, लोकांना कळलं नाही. त्यांनी पत्रकारांच्या रांगेत मला शोधलं. "बाळू, सांग की रं ह्यास्नी. तू व्हतास की."

मी उभा राहिलो. हो, होतो — एवढंच म्हणायचं होतं. जिल्हा प्रतिनिधी माझ्याकडे बघत होते. तो फोटो खोटा ठरला असता. माझं काम गेलं असतं का, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलंच नाही कधी.

मी म्हणालो, "आबांचं वय झालंय. गाव बुडाल्यापासून त्यांना असे भास होतात."

हेच ते.

हसणं थांबलं. बायका चुकचुकल्या. चेअरमननी आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने माइक काढून घेतला — अगदी हळुवार. आबा माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घालून लिहीत असल्यासारखं केलं.

रेखा आणि सुमन तिथे नव्हत्या. आबांनी घरी काही सांगितलं नाही.

त्यानंतर गावातली माणसं आबांशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागली. पूर्वी बांधाचा वाद झाला की जुनी खूण सांगायला त्यांना न्यायचे; ते बंद झालं. दूध संकलन केंद्रावर त्यांनी काही सांगितलं, की समोरचा मान हलवायचा आणि दुसऱ्याला डोळा घालायचा. मी हे पाहिलं आहे. मी त्या केंद्रावरून रोज जायचो. थांबून खरं सांगायला किती वेळ लागला असता? मी एकदाही थांबलो नाही.

तो रविवार आबांनी कितीतरी जणांना सांगितला होता — न्हाव्याला, किराणा दुकानदाराला, छावणीतल्या शेजाऱ्यांना. मग सांगायचं थांबले. घरी सुमनने भिंतीची गंमत काढली की म्हणायचे, "असंल. मला कुठं आठवतंय." गोठ्यातल्या प्रत्येक गाईचं प्रत्येक वेत त्यांना आठवत होतं.

बऱ्याच वर्षांनी धरण पुन्हा आटलं. सुमनने हट्ट धरला. आम्ही सगळे पुन्हा गेलो. उंबरा आबांनीच शोधून काढला. या वेळी त्यांनी कुणाला कुठे बसायचं ते सांगितलं नाही. रेखा मुद्दाम भिंतीतून आत आली आणि त्यांच्याकडे बघून थांबली. आबांनी तिच्या हातातला डबा घेऊन खाली ठेवला. जेवण झालं. मनू आता कॉलेजात होती. तिने मोबाइल वर धरला आणि म्हणाली, "आबा, इकडे बघा."

आबांनी मोबाइलकडे बघितलं, उंबऱ्यावर नीट सरकून बसले आणि डोक्याला हात लावला.