वरच्या फळीवरचा डबा

अण्णाच्या पेशींना मी रोज भोकं पाडते. अण्णा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, आणि भोकं पाडणं ही माझी बंगळूरमधली नोकरी. दवाखान्यात त्याच्या पोटरीचा कणभर तुकडा काढला होता. त्यातल्या पेशी आमच्या प्रयोगशाळेत वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली लेसरने पेशीच्या आवरणाला छेद द्यायचा आणि बघत बसायचं.

नुसता जिना चढला तरी कुणाच्याही स्नायूंना अशी बारीक भोकं पडतात. धडधाकट पेशी त्याचा बाऊ करत नाही. छेदातून बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, त्याची चाहूल लागताच एक प्रथिन आवरणाला जाऊन चिकटतं आणि ठिगळ लागतं. अण्णाच्या पेशींत ते प्रथिनच नाही. कॅल्शियम येतं, हाक मारतं, ओ द्यायला कुणी नसतं. पेशीभोवतीच्या द्रवात मिसळलेला हिरवा रंग आत शिरत राहतो आणि पेशी उजळत उजळत मरते.

अण्णाचं सुरू झालं ते टाचांपासून. कॉलेजात असताना त्याला चवड्यांवर उभं राहता येईना. आधी डावी टाच उचलेना, मग उजवी. आम्ही हसलो होतो. आता तो बंगळूरमधल्याच यशवंतपूरच्या घरात चाकाच्या खुर्चीत असतो. आईने सख्ख्या मामाच्या मुलाशी लग्न केलेलं. आई-वडील दोघांकडून जनुकातली एकेक खोट आली की हे होतं. मलाही आलेली असू शकते. रक्त तपासलं की कळेल, आणि मी तपासत नाही. मला भीती वाटते, सरळच सांगते.

गेल्या महिन्यात अण्णा हट्टाने प्रयोगशाळेत आला. पडद्यावर त्याची एक पेशी हिरवी होऊन गेली.

"परत एकदा कर," तो म्हणाला. मी केलं.

"आता तुझी दाखव की ग."

मी लेसर बंद केला.

त्या रविवारी घरी गेले, तर स्वयंपाकघरातून आईची नेहमीची कानडीमिश्रित हाक आली, "तो वरचा डबा स्वल्प काढून दे की ग." दर रविवारी हेच. मी चवड्यांवर उभी राहून डबा काढायचा, तिने "सरी", म्हणजे बरं, म्हणून ओट्यावर ठेवायचा. त्या दिवशी तो माझ्या हातून निसटला आणि झाकण उडालं. आत काहीच नव्हतं. तळाला जुनी धूळ होती.

मी आईकडे पाहिलं. ती माझ्या पायांकडे बघत होती. दारात अण्णाची खुर्ची होती, त्याची नजरही तिथेच.

"डावी टाच आधी टेकली," अण्णा म्हणाला.

"डबा पडला म्हणून," मी चिडून म्हणाले.

 आईने दाराआडचं स्टूल ओढलं, त्यावर चढून डबा जागच्या जागी ठेवला आणि खाली उतरली.

"आता परत एकदा काढ," ती म्हणाली.