इंजन चालू ठेवा, हजेरी व्हायचीय

दुसरं महायुद्ध संपलं, हे सगळ्या जगाला मान्य आहे. मान्य नव्हतं ते फक्त आमच्या आत्याच्या मालकांना. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणायचो. आष्टीकडच्या त्यांच्या गावात मात्र लहानथोर सगळे त्यांना 'लढाईवाले' म्हणत. तरुणपणी घरात कुणाला न सांगता निजामाची हद्द ओलांडून ते नगरला गेले, फौजेत भरती झाले आणि मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात रसदीची लॉरी हाकून परत आले. "अर्धेच परत आले, अर्धे तिकडंच ऱ्हायले," असं आत्या म्हणायची, आणि म्हणता म्हणता चुलीतलं लाकूड उगाच जोरात आत सारायची.

मामांच्या मते जगात जे काही घडतं ते लढाईमुळं. रॉकेल का मिळत नाही? लढाई. लोक चहाला का लागले? लढाई. गेल्या निवडणुकीत सरपंच का पडला? तोही ते फिरवून फिरवून लढाईपाशीच आणत, आणि गंमत अशी की ऐकता ऐकता आपल्यालाही पटायला लागायचं. न्हाव्यापुढं अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला साबण, अशा अवस्थेत ते सांगत, "गोऱ्यानं लढाई जिकली, पर दिवाळं निघालं बे त्याचं. घरात खायचे वांधे, इथं राज कोन करील? गोरा गेला. त्याच्या भरवशावर बसलेला निजाम मग किती टिकनार? तो बी गेला. कंट्रोल आलं, साखर कारडावर आली. आधी दिवाळीला चिमूटभर दिसायची, मंग सगळ्यांनाच रोज पायजे झाली. ज्यांच्याकडं पाटाचं पानी, त्यांनी सोसायट्या करून कारखाने काढले. आपल्याकडं पानीच न्हाई. मंग आपल्याला काय मिळालं? कोयता! जर्मन गप घरी बसला असता तर तुह्या हातात कोयता आला नसता." समोर बसलेला ऊसतोड्या आधी आपल्या हाताकडं बघायचा आणि मग जर्मनाला एक कचकचीत शिवी हासडायचा. न्हावी बिचारा वस्तरा वर धरून लढाई संपायची वाट बघत उभा असायचा.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरींनी तळ दाखवला, माणसं खडी फोडायला गेली, कंट्रोलात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. सगळं गाव हवालदिल झालं, आणि मामा मात्र एकदम तरतरीत. फौजेतून आणलेला एक टवका उडालेला मग त्यांच्याकडं होता. तेवढ्या पाण्यात ते दाढी करत, तोंड धूत आणि उरलेलं फडक्यातून गाळून गावाच्या लॉरीच्या रेडिएटरात ओतत. मिलोची भाकरी बघून कुणी तोंड वाकडं केलं की म्हणत, "लढाईतलं बिस्कुट खाल्लं असतंस, तर हिला पुरनपोळी म्हनला असतास." आणि वर, "मिसरात याच्याहून लई कोरडं होतं."

"मंग तिथंच ऱ्हायचं होतं की! मला कावून आनलं या घरात?" आत्या आतून ओरडायची. मामा त्यावर रेडिएटर बघायला उठून जात.

ती लॉरीही लढाईचीच. लढाई संपल्यावर फौजेनं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा मामांनी सगळ्या गावाच्या मागं लागून 'मोटार सोसायटी' काढायला लावली आणि नगरहून ही लॉरी आणली. सोसायटीचे चेअरमन कायम मामाच, तेही बिनविरोध, कारण दुसऱ्या कुणाला ती चालू करता येत नव्हती. शेअर घेतलेल्या प्रत्येकाला लॉरी वेशीत आली की एकदा हॉर्न वाजवायचा हक्क होता, आणि लोक तो हक्क सोडत नसत. एका सभासदानं तर बापाच्या मयतीच्या दिवशी मध्येच उठून हॉर्न वाजवला होता. "बापाचाच शेअर हाय," एवढंच म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं.

वर्षभर लॉरी कांदा-भुसार घेऊन नगरला जायची आणि दिवाळी झाली की गावातल्या ऊसतोड्यांना कारखान्यावर सोडून यायची, हंगाम संपला की परत आणायची. तेव्हा मामांची हजेरी असायची. निघताना एकदा, पोचल्यावर एकदा. कागद नाही, काही नाही, सगळी नावं तोंडपाठ. हजेरी पुरी झाल्याशिवाय इंजन बंद करायचं नाही, असा त्यांचा कायदा. दुसरा कायदा त्याहून कडक होता: ज्याचं नाव त्यानंच सोताच्या तोंडानं 'हाजर' म्हणायचं. "हाय की इथं" म्हटलेलं चालत नसे. आणि बायांना ते नावानं पुकारत. अमक्याची बायको, तमक्याची सून असलं काही नाही. म्हाताऱ्या कुरकुरत, "काय बाई, लाजबिज हाय का न्हाई या मानसाला!" पण सासरी आल्यापासून जिला कुणी नावानं हाक मारली नव्हती, अशी एखादी बाई आपलं नाव ऐकून पदराआड हसायची, हे मी पाहिलेलं आहे.

त्या दुष्काळी साली उसालाच पाणी नव्हतं, त्यामुळं कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला. मी तेव्हा चौसाळ्याला मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो आणि सुट्टीत आत्याकडं आलेलो. सकाळी कारखान्यावरून परतलेली लॉरी वेशीत आली, बिऱ्हाडं, भांडी, शेळ्या यांच्या ढिगावर माणसं बसलेली. इंजन धडधडत होतं. मामा खाली उतरून नावं घ्यायला लागले. घेता घेता म्हणाले, "गंगू!"

"हाजर!" तिच्या सासूनं आवाज दिला.

"तुजं झालं मघाशी. गंगूला बोलू दे."

"अवो, तिचा सासरा बसलाय म्होरं. सून वरडंल का त्याच्यापुढं?"

"गंगू!" मामा परत म्हणाले.

शेजारणींनी गठुळी बाजूला केली, इकडंतिकडं बघितलं, आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. निघताना कारखान्यावरही सासूनंच सवयीनं 'हाजर' म्हटलं होतं. तिला वाटलं, पोरगी मागं शेळ्यांपाशी बसलीय. नवरा वर टपावर, त्याला वाटलं आईजवळ आहे. इंजनाच्या धडधडीत मामांनाही तो आवाज गंगूचाच वाटला. दिवस भरत आलेली ती पोर मोडून टाकलेल्या पाचटाच्या कोप्यांच्या उजाड रानात एकटीच राहिली होती. सासूनं तिथंच बसकण मारली आणि छाती बडवायला लागली.

मामा कुणावर ओरडले नाहीत. "सामान खाली घ्या," एवढंच म्हणाले. गंगूचा नवरा मागं चढला, मी मामांशेजारी बसलो आणि चालू इंजनावरच लॉरी वळली. वाटेत रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "मिसरातून निगताना बोटीवर हजेरी झालती. करनैलसिंग म्हनले, कुनी बोललं न्हाई. मुनुस्वामी म्हनले, न्हाई. आमच्याकडचा एक दगडू होता, तो बी न्हाई. सायेब फुडलं नाव घ्यायचा. म्या म्हनलं, सायेब, जरा थांबा, येतील. बोट सुटली." इतकी वर्षं ज्या लढाईला आम्ही हसत होतो, ती एवढीशी होती, तीन नावांची.

दिवस कलताना आम्ही पोचलो. मोकळ्या माळावर एका लिंबाच्या झाडाखाली गंगू बसली होती, शेजारी भरलेली घागर. पाटात साचलेलं पाणी वाटेसाठी आणायला गेली, ती परत येईतो लॉरी निघून गेलेली. नवरा धावत गेला आणि तिच्यापुढं उभा राहून ढसाढसा रडायला लागला. तीच त्याला म्हणाली, "गप ना, काय झालंय?"

"भ्याली न्हाईस का पोरी?" मामांनी विचारलं.

"भ्याले की. पर मला ठाव होतं मोटार येनार म्हनून."

"कावून?"

"माजं नाव घेतल्याबिगर तुमी इंजन बंद करत न्हाई ना."

मामांनी तोंड फिरवलं आणि रेडिएटरात पाणी आहे का ते बघायला गेले. तिच्या घागरीतलंच पाणी त्यांनी ओतलं.

गावात परतल्यावर मामांनी घरी गेलेल्या सगळ्यांना परत वेशीत बोलावून पहिल्यापासून हजेरी घेतली. "गंगू!" म्हटल्यावर ती दबक्या आवाजात "हाजर" म्हणाली, तेव्हा तिचा सासराच म्हणाला, "मोठ्यांदा म्हन, माय." मग ती अशी ओरडली की शेळ्या उधळल्या. त्यानंतर इंजन बंद झालं. पुढं तिला मुलगी झाली. मामांनी नाव सुचवलं, विजया. लढाई आपण जिंकली हे गावानं एकदाचं मान्य केलं, याचं त्यांना फार समाधान होतं.

पुढं मुकादमांचे ट्रक आले, सोसायटी मोडली. लॉरी भंगारात निघाली त्या दिवशी सगळ्या सभासदांनी रांग लावून शेवटचा हॉर्न वाजवला. मामा थकले. हळूहळू माणसं विसरायला लागले, मी गेलो तर मलाच विचारत, "कोन्या गावचे पाव्हने?" आत्या म्हणाली, "सांज झाली की जेवतच न्हाईत रे. म्हनतात, हजेरी व्हायचीय." गावातली सगळी नावं त्यांच्या डोक्यातून पुसून गेली होती. जी राहिली होती, ती गावात कुणाचीच नव्हती.

त्या संध्याकाळी मी अंगणातच होतो. गंगू आली. डोक्याचे केस पांढरे झालेले, हातात विळा, रानातून थेट आलेली. मामांच्या बाजेपाशी खाली बसली. रोजच येते, असं आत्यानं मला हळूच सांगितलं.

"करनैलसिंग!" मामांनी हाक दिली आणि कान देऊन थांबले.

"हाजर, सायेब!" गंगू म्हणाली.

"मुनुस्वामी!"

"हाजर, सायेब!" आवाज जरा बदलून.

"दगडू!"

दुसऱ्याच्या नावावर हाजर म्हणायचं नाही, हा मामांचा कायदा तिच्याइतका कुणाला ठाऊक होता? तरीही ती म्हणाली, "हाजर."

मामांनी अंगणभर नजर फिरवली. "आले का सगळे?"

"आले, सायेब. कुनीबी मागं न्हाई ऱ्हायलं."

"मंग कर इंजन बंद."

गंगूनं हात पुढं करून किल्ली फिरवल्यासारखं केलं. मामांनी आत्याला हाक मारून भाकरी मागितली.