विकतची कबुतरं

दहा शेतकऱ्यांची दारं वाजवली, तेव्हा कुठे एक जण हो म्हणाला. इंग्लंडमध्ये कमी ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण ती घेऊन कुणाच्या रानात बसायचं तर मालकाची परवानगी हवीच. रानकबुतरं मारायची तीही पिकाची नासाडी करतात म्हणून, हौस म्हणून नव्हे. हे सगळे नियम मी पाठ केले होते. नेम तेवढा पाठ होत नव्हता.

खरं सांगायचं तर मला कबुतरं नकोच होती. बायको वारली, मुलगी लंडनला, ईलिंगमध्ये राहायला गेली आणि ऑफिसने घरून काम सुरू केलं. ब्रॅकनेलच्या त्या घरात शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ माझ्याशी बोलणारं एकच कुणी उरलं होतं, सुपरमार्केटमधलं बिलाचं मशीन. एका चालणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये जाऊन पाहिलं, पण ती मंडळी फार आनंदी होती. मग रायफल घेतली.

शेतकरी सत्तरीचा, एकटाच राहणारा. त्याच्या रेपसीडच्या, म्हणजे मोहरीसारख्या तेलबियांच्या कोवळ्या पिकावर कबुतरांची धाड पडलेली.

"नुसता धडाम आवाज काढणाऱ्या गॅसच्या तोफेला भीत नाहीत, बुजगावण्याला भीत नाहीत," तो म्हणाला. "बघ, तुला भितात का. महिनाअखेरपर्यंत पक्षी पडले नाहीत तर मी शॉटगनवाल्यांना बोलावणार."

दर शनिवारी परत निघताना तो मला स्वयंपाकघरात बसवून चहा द्यायचा. दहा मिनिटं. त्याचा गुडघा, त्याचा म्हातारा कुत्रा, पाऊस. आठवडाभर मी त्या दहा मिनिटांची वाट पाहायचो. पक्षी पडले नाहीत तर महिन्याबरोबर तीही संपणार होती.

पहिल्या शनिवारी कुंपणाआड लपायची जाळी लावून बसलो आणि अर्ध्या तासाने चिवड्याची पिशवी उघडली. त्या आवाजाने अख्खं रान रिकामं झालं. दुसऱ्या शनिवारी नेम अगदी अचूक लागला. पक्षी जागचा हलला नाही, कारण तो खऱ्या कबुतरांना भुलवायला मीच पुढे मांडून ठेवलेला प्लास्टिकचा होता. तिसऱ्या शनिवारी शिंकलो.

चौथ्या शनिवारी मात्र रिकाम्या हाताने त्याच्या दारात जायला मन धजेना. आपल्याकडे कुणाच्या घरी तसं जात नाहीत. इथली रीत अशी की शिकार मिळाली तर एक जोडी मालकाला द्यायची. दोन्हीकडचे संस्कार एकाच डोक्यात शिरले की काय होतं ते ऐका. मी गावातल्या खाटकाकडे गेलो.

"साफ करून देऊ?" त्याने विचारलं.

"नको नको. पिसांसकट द्या."

गाडीत बसून त्या दोन मेलेल्या कबुतरांना थोडा चिखल लावला. मेकअप केला म्हणा ना.

"सकाळीच पडली," मी शेतकऱ्याला सांगितलं. तो खूश झाला. त्या दिवशी चहाचा दुसरा कप मिळाला, शिवाय बिस्किट.

पुढच्या शनिवारी टेबलावर चहा नव्हता. एक बशी होती आणि तिच्यात बारीक शिशाचे सात दाणे.

"तुझ्या रायफलीतून एका वेळी किती छर्रे सुटतात?"

"एक."

"मग हे सात एका पक्ष्यात कसे? एकावर तर माझा दात गेला."

शॉटगनमधून दाणे मुठीने फेकल्यासारखे सुटतात, हे मला ठाऊक होतं. खाटकाची कबुतरं कशाने मारलेली असणार, हा विचारच मी केला नव्हता.

"दुकानातून आणली," मी म्हणालो. "रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"कबुतर मिळालं नाही तर मला राग येत नाही. पण बंदूक घेऊन माझ्या रानात बसणाऱ्या माणसाचा शब्द मला खरा लागतो." बशी उचलत म्हणाला, "एक शनिवार देतो. आज चहा नाही."

त्या शेवटच्या शनिवारी चिवडा नेला नाही. नाक बोटांनी दाबून तीन तास बसलो. पाय बधिर झाले. मग अ‍ॅशच्या झाडाच्या उघड्या फांदीवर एक येऊन बसलं. मानेवर पांढरा पट्टा, म्हणजे रानकबुतरच. त्याच्यासारखंच दिसणारं, मारायला बंदी असलेलं दुसरं नव्हे. श्वास रोखला. दाबला चाप. ते सरळ खाली आलं.

हातात घेतलं तर उबदार. गळ्याखालची पिशवी कोवळ्या पाल्याने गच्च भरलेली. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण सांगायला आसपास कुणी नव्हतं, म्हणून त्यालाच सॉरी म्हणालो.

शेतकऱ्याने दारातच पक्षी उलटासुलटा केला, डोक्यावरची पिसं अंगठ्याने बाजूला सारली, एकच भोक पाहिलं.

"हे तुझं."

"तुमच्यासाठी आणलंय."

"छे! आयुष्यातला पहिला पक्षी ज्याने मारला त्यानेच खायचा. ताजा आहे तोवर खा. जा घरी." दार लावता लावता म्हणाला, "पुढच्या शनिवारी ये. नाही मिळालं तर नाही मिळालं म्हण."

म्हणजे परवानगी वाचली होती. चहाचं मात्र विचारता आलं नाही. दार लागलं होतं.

घरी सिंकपाशी पिसं उपटता उपटता फोन स्पीकरवर टाकून मुलीला सांगितलं.

"बाबा, तू खरंच मारलं? ओ माय गॉड! मी नाही हं खाणार."

"तुला बोलावलंय कुणी?" मी म्हणालो. खरं तर बोलवायलाच फोन केला होता.

मग कांदा-खोबरं भाजलं, वाटण केलं. पक्षी मुठीएवढा. रस्सा मात्र हाताच्या सवयीने तिघांचा झाला. मंगळवारपर्यंत पुरला.